ट्रॉलीवरच्या पेशंटच्या कानाशी गाणं: ओटीत नव्यानं आलेल्यांसाठी

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, नवीन रुजू झालात ना, तर पहिल्याच आठवड्यात एक काम करा. दुपारी ऑपरेशनांची लिस्ट संपली की प्रीऑपमधल्या, म्हणजे ऑपरेशनआधी पेशंटला थांबवतात त्या खोलीतल्या, रिकाम्या ट्रॉलीवर पाच मिनिटं आडवे व्हा. चष्मा असेल तर काढून ठेवा, चादर छातीपर्यंत घ्या आणि छताकडं बघा. दिसायला एक ट्यूबलाइट आणि पीओपीवरचा पाण्याचा डाग, बास. ऐकायला मात्र सगळं. ट्रेवर पडलेली कात्री, ऑटोक्लेव्हची शिट्टी, शेजारच्या मॉनिटरचं टिंग-टिंग. दाराबाहेर वॉर्डबॉय मामा कुणाला तरी सांगतोय की मागची केस लांबली. आणि आतून आवाज येतो, "पुढचा घ्या." तो पुढचा म्हणजे आपण.

मी हे नोकरीच्या सुरुवातीला केलं नव्हतं, कारण कुणी सांगितलंच नव्हतं. पेशंट सुईला भितात एवढंच मला माहीत. मग माझं स्वतःचं सीझर झालं. कमरेतून भूल, समोर हिरवा पडदा, मी पूर्ण शुद्धीत. पडद्यापलीकडं कुणीतरी म्हणालं, "एक मॉप कमी येऊन राहिला, पुन्हा मोजा." मॉप म्हणजे रक्त टिपायचं कापड. तो सापडला, ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात होता. मोजणी नीट चालली होती म्हणूनच तो शोधला गेला, हे मला नर्स म्हणून पक्कं कळत होतं. पण पेशंट म्हणून माझ्या हाताला दरदरून घाम फुटला तो फुटलाच. पोटाला काही कळत नव्हतं, सगळी भीती कानांतून आत येत होती.

म्हणून हे लिहिते आहे. नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या वीस खाटांच्या हॉस्पिटलात असाल, मेडिकल-मेयो या सरकारी हॉस्पिटलांत इंटर्नशिप करत असाल, नाही तर काटोल-उमरेडकडं एकट्यानं ओटी सांभाळत असाल, एक जुना फोन आणि एक हेडफोन यांच्यावर उद्यापासून सुरू करता येईल असं हे काम आहे.

आधी अपेक्षा जाग्यावर ठेवा

ओटीत गाणं ही आजची टूम नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातले सर्जन इव्हान ओ'नील केन यांनी १९१४ मध्येच तिथल्या मेडिकल असोसिएशनच्या जर्नलला पत्र लिहून आपल्या ऑपरेशन थिएटरातल्या फोनोग्राफबद्दल कळवलं होतं. पुढं यावर रीतसर मोजमाप झालं. कॉक्रेन ही संस्था झालेल्या चाचण्या एकत्र करून तपासते. तिच्या २०१३ च्या आढाव्यात ऑपरेशनआधीच्या भीतीवरच्या २६ चाचण्या आणि २०५१ पेशंट एकत्र तपासले. चिंता मोजायची एक प्रश्नावली असते, २० ते ८० गुणांची. गाणं ऐकलेल्यांचे गुण तिच्यावर सरासरी ५.७२ नं कमी आले. २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमध्ये ७३ चाचण्यांचा आढावा आला. गाणं ऐकलेल्यांना ऑपरेशननंतर दुखणं कमी, चिंता कमी, वेदनाशामकही कमी लागलं. हॉस्पिटलातला मुक्काम मात्र कमी झाला नाही.

म्हणजे फायदा खरा आहे, पण तो डोंगराएवढा नाही. अमुक राग ऐकवला की बीपी उतरतं, तमुक रागानं शुगर, असले मेसेज तुमच्याही ग्रुपवर येतच असतील. ते पेशंटच्या कानावर घालू नका. आपण करतो ती म्युझिक थेरपीसुद्धा नव्हे. तिच्यासाठी वेगळं शिकलेला थेरपिस्ट लागतो, तो पेशंटबरोबर बसून काम करतो. आपण रेकॉर्ड केलेलं गाणं लावतो, एवढंच.

आणि हे तर गिरवून ठेवा: गाणं म्हणजे भूल नव्हे. लोकल इंजेक्शनचा असर यायच्या आत कुणी चिरा घेत असेल आणि पेशंट कळवळत असेल, तर हेडफोनचा आवाज वाढवायचा नसतो, डॉक्टरांना थांबवायचं असतं. समजावून सांगण्याचं कामही गाण्यावर ढकलू नका. आधी काय होणार ते दोन वाक्यांत सांगा, मग गाणं.

भीतीचा आपल्या कामाशी काय संबंध, असं वाटत असेल तर घाबरलेल्या माणसाच्या हातात इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनसाठी शिरेत घालायची नळी, घालून बघा. शिरा आकसलेल्या, हात गारठलेला, नाडी ११० वर. मोतीबिंदूच्या आजीचं बीपी घरी १४० असतं, इथं १८० होतं, आणि कधी कधी केस पुढं ढकलावी लागते. मग गोंदियाहून पहाटेच्या गाडीनं आलेलं अख्खं कुटुंब डबा न उघडता परत जातं.

पहिली पायरी: दोघांना विचारा

पहिलं विचारायचं भूलतज्ज्ञांना आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना. आदल्या दिवशी लिस्ट हातात आली की विचारून टाका, "सर, यातल्या कुणाला कानाला गाणं दिलं तर चालेल?" सकाळी घाईत विचाराल तर उत्तर 'नको' येणार, आणि ते त्यांचंही चूक नाही. कान वाहतो, कानाचं किंवा डोक्याचं ऑपरेशन आहे, पेशंट गोंधळलेला आहे, नसलेले आवाज ऐकू येण्याचा मानसिक आजार आहे, तर डॉक्टर स्पष्ट हो म्हणेपर्यंत हात लावू नका.

दुसरं विचारायचं पेशंटला, आणि इथंच नव्या मुलामुलींचं चुकतं. आपण विचारतो, "काकाजी, गाणं लावू का?" काकाजी म्हणतात, "लावा ना जी, काहीही." हे 'काहीही' म्हणजे होकार नव्हे. हॉस्पिटलात माणूस सगळ्यालाच 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतो. त्याचे कपडे बदललेले असतात, दातांची कवळी काढून घेतलेली असते, बोटातली अंगठी पोराच्या खिशात गेलेली असते. त्याच्या हातात काहीच उरलेलं नसतं. गाणं ही एक गोष्ट त्याला स्वतः ठरवता येते, आणि माझ्या मते निम्मं काम तिथंच होतं.

२०१९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी एक तुलना केली. नसेभोवती भूल देण्याआधी १५७ पेशंटांपैकी काहींना शिरेतून मिडाझोलम हे भीती शमवणारं औषध दिलं, बाकीच्यांना तीन मिनिटं हेडफोनवर संथ संगीत. भीती दोन्हीकडं जवळपास सारखीच उतरली. पण समाधान विचारलं तेव्हा औषधवाले पुढं निघाले, आणि गाण्याच्या गटात पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही एकमेकांशी बोलणं जड गेलं. ते संगीत पेशंटांनी निवडलेलं नव्हतं, आधीच ठरवून ठेवलेलं होतं. मला तरी त्यात नवल वाटत नाही.

तर 'काहीही' म्हणणाऱ्याला उलटं विचारा. "काय लावलं तर कंटाळा येईल?" याचं उत्तर पटकन येतं. किंवा, "सकाळी घरी काय वाजत असते? पोरगा गाडीत लावते ते आवडते का?" दोन मिनिटं जातात. तेवढ्यात बीपीचा पट्टा बांधून होतो.

दुसरी पायरी: सामान

एक जुना स्मार्टफोन घ्या, सिमकार्ड काढलेला. सिम असेल तर फोन येणारच, आणि नेमका भूल देताना येणार. गाणी फोनमध्येच भरून ठेवा, नेटवरून वाजवू नका. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका ताईंना नेटवरून बासरी लावून दिली होती. चौथ्या मिनिटाला जाहिरात लागली, आणि जाहिरात होती टर्म इन्शुरन्सची: तुमच्यामागं तुमच्या कुटुंबाचं काय? ताई हर्नियासाठी आल्या होत्या. त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "राहू द्या सिस्टर."

हेडफोन कानावर बसणारा, वाट्यांचा घ्या. कानात घुसवायचे इअरफोन नकोत. ते स्वच्छ करणं कठीण आणि आडवं झाल्यावर टोचतात. वायरवाला की ब्लूटूथ? ब्लूटूथनं वायरीचा गुंता वाचतो, पण त्याला बोलायची खोड असते. पेशंट डोळे मिटून पडलेला असतो आणि कानात अचानक एक बाई इंग्रजीत म्हणते, "बॅटरी लो." एका बाबांना वाटलं, त्यांच्याच हृदयाबद्दल बोलतायत. ही सूचना बंद करता येत असेल तर करा, नाही तर सकाळी पूर्ण चार्ज करूनच आणा. काही झालं तरी चार्जरला जोडलेला फोन पेशंटजवळ ठेवायचा नाही. हेडफोनमध्ये लोहचुंबक असतं, म्हणून पेसमेकर असलेल्या पेशंटच्या छातीवर तो काढून ठेवायचा नाही.

वाट्यांवर डिस्पोजेबल टोपी कापून चढवा, आपली रोजचीच ओटीची टोपी. एका टोपीत दोन वाट्या होतात. प्रत्येक पेशंटला नवीन. वापरून झालं की टोपी फेका आणि बँड, वाट्या जंतुनाशक वाइपनं पुसा. रेक्झिन वर्षभरात सोलायला लागतं. सोललं की तो हेडफोन बाद, कारण त्या भेगा पुसून निघत नाहीत.

तिसरी पायरी: नागपूरची यादी

इंटरनेटवर तयार याद्या मिळतात, पियानो आणि समुद्राच्या लाटांच्या. आपल्या बहुतेक पेशंटांनी समुद्र पाहिलेला नसतो. इथं माणूस येतो भंडाऱ्याहून, गडचिरोलीहून, यवतमाळहून, तसाच बालाघाट-छिंदवाड्याहूनही. कुणी वऱ्हाडी बोलतो, कुणी झाडी, कुणी हिंदी, कुणी गोंडी. यादी त्याच्याकडं बघून बनवा.

माझ्या फोनमध्ये आज अकरा फोल्डर आहेत. अभंग वेगळे, तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं वेगळी, कारण अमरावती-वर्धेकडची जुनी माणसं तेच मागतात. भीमगीतं आणि बुद्धवंदना. कव्वाली. जुनी हिंदी सिनेमाची गाणी, हा सगळ्यात जास्त वाजणारा फोल्डर. मराठी भावगीतं. झाडीपट्टीच्या नाटकांतली गाणी, ती एका वॉर्डबॉयनं आणून दिली, आणि देसाईगंज-ब्रह्मपुरीकडचा माणूस ती ऐकून ट्रॉलीवर हसतो. गोंडी गाणी. लहान मुलांची. लावण्या. आणि शेवटी नुसती वाद्यं: बासरी, संतूर, सरोद.

लावणीचा फोल्डर कसा आला ते सांगते. सुरुवातीला वय बघून मीच ठरवायची. साठीच्या पुढचा माणूस दिसला की भजन. एका काकाजींना असंच भजन लावून दिलं. त्यांनी मिनिटभर ऐकलं, हेडफोन वर केला आणि म्हणाले, "सिस्टर, आमच्याकडं हे माणूस गेल्यावर रात्रभर म्हणते. माह्यं काही वाईट तर नाही ना निघालं?" मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग विचारलं, काय लावू? त्यांनी दाराकडं बघितलं, आवाज खाली केला. "घरवाली बाहेर आहे ना? लावणी लावा."

म्हणून वय बघून ठरवायचं नाही, आणि आडनाव बघून तर मुळीच नाही. केसपेपरवरचं आडनाव वाचून आपल्या डोक्यात फोल्डर आपोआप उघडतो, हे कबूल करा आणि तो बंद करा. मी मनात अभंग धरून बसले होते त्या एका आजींनी ताजबागच्या दर्ग्यातल्या उरुसातल्या कव्वाल्या मागितल्या. त्या दर उरुसाला जात होत्या. उलट एखाद्याला वाटू शकतं की आपली जात-धर्म ओळखून सिस्टरनं हे लावलं, आणि मग भीतीत आणखी एक भीती मिसळते.

पेशंटला खरंच काही सुचत नसेल तरच आपली निवड करा. तेव्हा शब्द नसलेलं, संथ, मिनिटाला साधारण ६० ते ८० ठोक्यांचं, अचानक मोठं न होणारं संगीत घ्या. बासरीचा संथ आलाप चालतो, तबल्याची द्रुत लय नको. पावसाचे, झऱ्याचे आवाज छान असतात असं म्हणतात. मी ते काढून टाकले. पोटाच्या सोनोग्राफीसाठी लघवी धरून बसलेल्या बाईला झऱ्याचा आवाज लावला की काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

चौथी पायरी: वेळ आणि आवाज

टेबलावर गेल्यावर गाणं लावणं म्हणजे पाऊस पडून गेल्यावर छत्री उघडणं. भीती सगळ्यात जास्त असते ती थांबण्याच्या वेळेत. वीस-तीस मिनिटं आधी, प्रीऑपमध्येच सुरू करा. मोतीबिंदूच्या पेशंटला तर हे फारच उपयोगी पडतं. बाहुली मोठी करायचे थेंब पुन्हा पुन्हा घालत अर्धा-पाऊण तास बसवून ठेवलेलं असतं, समोरचं सगळं धूसर, पेपर वाचता येत नाही, फोन बघता येत नाही. ऑपरेशन त्याच्या निम्म्या वेळात होतं.

त्याआधी एक बघा: पेशंटला थंडी वाजते आहे का? मे महिन्यात बाहेर ४५ अंश, माणूस घामाघूम येतो, आणि आत एसीत पातळ गाउनवर झोपवतो आपण. तो कुडकुडतो आणि आपल्याला वाटतं घाबरला. आधी ब्लँकेट, मग गाणं.

आवाज असा ठेवा की तुम्ही ट्रॉलीशेजारी उभं राहून साध्या आवाजात नाव घेतलं तर पेशंटनं डोळे उघडले पाहिजेत. हीच मोजपट्टी. उघडले नाहीत तर आवाज जास्त आहे. उन्हाळ्यात वॉर्डातला कूलर घोंघावत असतो म्हणून आवाज वाढवायचा मोह होतो. त्यापेक्षा ट्रॉली कूलरपासून लांब घ्या. कमी ऐकू येणाऱ्या आजोबांचंही तेच. श्रवणयंत्र काढल्यावर हेडफोनचा आवाज ते वाढवत नेतात आणि मग कुणाचंच काही ऐकत नाहीत. त्यांचं यंत्र शेवटपर्यंत कानात राहू द्या आणि उशाशी छोटा स्पीकर ठेवा.

आणि शफल, म्हणजे फोननं गाणी उलटसुलट क्रमानं लावणं, बंद करा. अभंगानंतर डीजेचं गाणं लागलेलं मी पाहिलं आहे.

पाचवी पायरी: कुठं कसं

मोतीबिंदूच्या टेबलावर माणूस जागा असतो आणि त्यानं हलायचं नसतं. डॉक्टर "लाइटकडं बघा" म्हणतात ते त्याला ऐकू यायला हवं. म्हणून आत जाताना हेडफोन काढा आणि हवं तर खोलीत हळू आवाजात स्पीकर लावा. ठेक्याची गाणी इथं नकोत. लावणीवाल्या काकाजींचा पाय ताल धरायला लागला की डोकंही हलतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती हालचाल भूकंपाएवढी दिसते. चेहऱ्यावर पडदा असल्यानं पेशंटला बोलणं अवघड, म्हणून हातात ओटीतल्या मावशीचा हात द्या: काही झालं तर दाबायचा, डोकं हलवायचं नाही.

कमरेतून भूल देऊन होणाऱ्या ऑपरेशनांत हेडफोन खरा कामाला येतो. हाडाच्या ऑपरेशनात ड्रिल आणि हातोडी चालते, पेशंटला दुखत काहीच नसतं पण ऐकू सगळं येतं. मात्र भूल देताना हेडफोन नको. "पाठ वाकवा, हनुवटी छातीला लावा, हलू नका" हे त्याला ऐकायचं असतं. भूल चढली, पेशंटला सरळ झोपवलं, बीपी दोनदा बघून झालं की भूलतज्ज्ञांना विचारून लावा. त्या सुरुवातीच्या मिनिटांत मळमळ, चक्कर सांगता यायला हवी.

सीझरमध्ये हेच, फक्त एक गोष्ट जास्त. बाळ बाहेर येण्याच्या जरा आधी भूलतज्ज्ञ सहसा खूण करतात. त्या क्षणी हेडफोन उतरवा. बाळाचं पहिलं रडणं आईला ऐकू यायला पाहिजे. आमच्याकडं एकदा हे राहून गेलं होतं. बाळ रडत होतं आणि आई पडद्याकडं बघत विचारत होती, "रडलं का? रडलं का?" मी त्या ड्यूटीवर होते. तेव्हापासून सीझरच्या वेळी हेडफोनजवळ उभं राहायचं काम एका माणसाला नाव घेऊन नेमून देते.

दातांच्या खुर्चीवर ड्रिलची किणकिण हीच अर्धी भीती. तिथं हेडफोन चालतो, पण आधी ठरवा: डावा हात वर म्हणजे थांबा. तोंड उघडं असलेला माणूस दुसरं काय सांगणार?

एमआरआयच्या खोलीत आपलं काहीच न्यायचं नाही. ना फोन, ना ब्लूटूथ, ना पेशंटच्या खिशातला इअरफोन. चुंबक चोवीस तास चालू असतं. मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानांना संरक्षण द्यावंच लागतं. मशीनबरोबर हवेच्या नळीवर चालणारा हेडफोन असेल तर त्यातून गाणं देता येतं, ते तिथल्या टेक्निशियनला सांगा. नसेल तर गाणं बाहेरच्या बाकावर संपवा.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं आपल्या विदर्भात खूप. त्यांना वारंवार सुया लागतात आणि हॉस्पिटलच्या दारातच ती रडायला लागतात. त्यांच्या कानावर हेडफोन चढवला की आणखी बिथरतात. मांडीवर घेतलेली आई जे गुणगुणते ते त्याहून बरं. आईला म्हणा, "ताई, घरी झोपवताना म्हणता तेच म्हणा." ती लाजते. मग आपण हळूच तिकडं पाठ करायची. सुई टोचायच्या क्षणी गाणं सुरू करू नका, आधीच सुरू असू द्या. नाही तर ते गाणं म्हणजे सुई, असं मुलाच्या डोक्यात बसतं आणि घरची अंगाईसुद्धा बिघडते.

काढायचं कधी

ऑपरेशनची सुरक्षा तपासणी, जिची यादी जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये आणली, तिच्या तिन्ही टप्प्यांवर गाणं बंद. पेशंटनं स्वतःचं नाव आणि कोणती बाजू हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं असतं. हेडफोन घातलेला माणूस प्रश्न न ऐकताच 'हो हो' म्हणतो.

पूर्ण भूल देताना, काही बिघडलं की, डॉक्टरांचा आवाज चढला की, कुणी न सांगता बंद. खोलीत स्पीकर असेल तर पल्स ऑक्सिमीटरचा सूर कधीही झाकला जाता कामा नये. ऑक्सिजन उतरला की तो सूरही खाली उतरतो, आणि भूलतज्ज्ञ पाठमोरे असले तरी कानांनी त्यावर लक्ष ठेवून असतात. म्हणूनच सर्जनना आवडणारं गाणं मोठ्यानं लावायची पद्धत मला पटत नाही. नव्या माणसानं सरांना थेट सांगायला जाऊ नये, भूलतज्ज्ञांच्या कानावर घालावं. त्यांचं ऐकतात.

पेशंटनं कपाळाला आठी घातली, हेडफोनला हात लावला, तर काढून टाका आणि 'का' विचारू नका. काहींना कान झाकले की जास्त भीती वाटते. मागं काय चाललंय ते त्यांना कळायला हवं असतं. शांतता मागणाऱ्याला शांतता द्या. मामांना गप्पा बंद करायला सांगणं हेही याच कामात येतं.

पूर्ण भुलीतून उठणाऱ्याच्या कानाला लगेच गाणं नको. आधी माणसाचा आवाज: नाव घ्या, "ऑपरेशन झालं, तुम्ही रिकव्हरीत आहात, पोरगा बाहेर बसला आहे." नीट उत्तर आलं की मग पाहिजे तर पुन्हा लावा.

नोंद

फार कागद करू नका. एक वही, चार रकाने: आधी भीती किती, काय लावलं, नंतर किती, पुढच्या वेळी काय. शून्य ते दहा विचारलं की शहरातली माणसं आकडा सांगतात. म्हाताऱ्या माणसांना मी विचारते, "बाबा, भेव रुपयात किती आणे?" लगेच उत्तर येतं. "बारा आणे आहे जी." बाहेर आणताना विचारलं की "चार आणे राह्यलं." वहीत मात्र दहाच्या हिशेबात लिहा, म्हणजे महिनाअखेरीला एकत्र बघता येतं. माझ्या वहीत काहींची भीती जराही उतरलेली नाही, तेही तसंच लिहिलेलं आहे. तुम्हीही लिहा, नाही तर मेट्रनसमोर वही ठेवल्यावर तुमच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

शेवटचा रकाना डायलिसिसवाल्यांसाठी सगळ्यात उपयोगाचा. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, तीच खुर्ची. त्यांना दर वेळी नव्यानं विचारत बसायची गरज नाही, मागचं पान उलटलं की झालं. सोम-बुध-शुक्रच्या पाळीतले एक काकाजी आहेत. त्यांच्या नावापुढं पहिल्या दिवशी जुन्या हिंदी गाण्यांची नोंद आहे, आणि त्याखाली पानंच्या पानं एकच शब्द: मागचंच.